हात दुखतो, एवढंच सांग

ऑकलंड, ४ मार्च

कालोलाइने,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, कोण गेलं? घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. नणंदेचं पत्र म्हणजे मयताचीच बातमी असं काही नसतं गं बाई.

पत्र आलं हे फेलेतीला सांग, आत काय आहे ते सांगू नकोस. कसं जमवायचं ते तुझं तू बघ. एवढी वर्षं माझ्या भावाशी संसार केलास, त्याच्यापासून चार गोष्टी लपवायला शिकली नसशील तर शिकलीस तरी काय?

तुझ्या हेइलालाच्या लग्नाला मी आले नाही. पोरीची एकुलती एक आत्या. माझ्यासाठी मांडलेली मानाची चटई दिवसभर रिकामी राहिली आणि केकचा सगळ्यात वरचा थर, जो आत्याशिवाय कोणी खायचा नसतो, तो तसाच मुंग्या लागेपर्यंत पडून राहिला. मग फेलेतीने तो डुकरांना घातला. हे मला इथे ओटाहूहूच्या बाजारात आपल्या बेटावरच्या, आपल्याच गावच्या एका बाईने सांगितलं, मासे निवडता निवडता. "लोसालिने, तुझ्या वाटणीचा केक डुकरीण खाऊन गेली गं!" मीही तिच्याबरोबर हसले. घरी येऊन मासे तसेच ओट्यावर टाकले आणि रडत बसले.

मी कळवलं होतं की कामावरून रजा मिळत नाही. कोणाला पटणार ते? भाचीच्या लग्नात आत्या नाही, आणि कारण काय, तर रजा! सगळ्या गावासमोर त्याची मान खाली गेली. पाच वर्षं तो माझं नाव काढत नाही, यात त्याची काय चूक?

आता खरं कारण ऐक. मला स्तनाचा कर्करोग निघाला होता. लग्नाच्या थोडं आधी उजवी बाजू काढून टाकली, काखेतल्या गाठी काढल्या, मग औषधं, मग रेडिएशनचा शेक. तुम्ही तिकडे डुकरं भाजत होतात तेव्हा मी इकडे टकलावर फडकं बांधून बादलीत ओकत होते.

तुला का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तुझा चेहरा बघूनच त्याने ओळखलं असतं की काहीतरी आहे, आणि विचारलं असतं. मग तू काय बोलणार होतीस? बहिणीच्या छातीबद्दल भावाशी बोलायचं? मिसरूड फुटायच्या आत हा माणूस, आपल्या बेटावरच्या रीतीप्रमाणे, बहीण झोपते त्या घरातून उठून वेगळ्या खोपीत झोपायला गेला. त्यानंतर दारात यायचा तो खाकरून, भाजलेला नीरफणस उंबऱ्यावर ठेवायचा आणि मी बाहेर यायच्या आत पाठ फिरवायचा. त्याच्यासमोर ओला झगा वाळत घालायची मला चोरी. त्याला मी हे कळवू? मला वाटलं, बरी झाले की जाईन, पाया पडेन, काहीतरी सांगेन. बरी झाले, आणि मग सांगायची वेळ निघून गेली.

आजार गेला, पण दुखणं बसलंय. काखेपासून बोटांपर्यंत आग होते. ब्लाउजची शिवण लागली तरी जीव जातो. गोळ्या घेतल्या, सुया घेतल्या, चिनी डॉक्टरकडून टोचून घेतलं. आता इथली डॉक्टरीणबाई, माझ्या एसेताच्या वयाची असेल, ती म्हणते की शेकाने आतली कातडी आवळून नसा धरल्यात, कापून मोकळ्या करूया. मोकळ्या झाल्या तर झाल्या. कधी काहीच फरक पडत नाही. आणि एखादीचा हात कायमचा लुळा पडतो.

कापू की नको? माझा नवरा असता तर त्याच्याशी भांडून ठरवलं असतं. एसेता म्हणते, "आई, कापून घे ना. मामाला कशाला विचारायचं? मामा काय डॉक्टर आहे?" मी म्हटलं, डॉक्टर नाही, भाऊ आहे. एकदा त्याला अंधारात ठेवून कापून घेतलं, त्याचं काय झालं ते बघतेच आहे मी.

तर तू त्याला विचार. ताईचा हात दुखतो, डॉक्टर कापूया म्हणतात, कापायचं का? हात दुखतो, एवढंच सांग. हाताच्या पलीकडे एक शब्द जाऊ नकोस. तुला माझी शपथ.

तुझी नणंद,
लोसालिने


ऑकलंड, २ एप्रिल

फेलेती,

तुझं पत्र मिळालं. एवढ्या वर्षांनी तुझी पहिली ओळ वाचली, 'ताई, मी आईची कबर उघडली,' आणि मी खुर्चीवर बसलेली असूनही मला बसावंसं वाटलं.

मला सुचायला हवं होतं. आपण हेच ऐकत मोठे झालो. दुखणं जिवंत माणसाच्या अंगात, पण काटा मेलेल्याच्या हाडात. आजोबांची पाठ धरली तेव्हा काकांनी पणजीची कबर उघडून मुळं काढली होती, आणि आजोबा दुसऱ्या दिवशी होडी घेऊन गेले. ताईचा उजवा हात दुखतो म्हटल्यावर तू काय करणार होतास? फावडं घेतलंस आणि निघालास. माझ्याशी अबोला असताना निघालास रे. या वयात, त्या गुडघ्यांनी, एकट्याने.

सगळं वाचलं. पांढरी वाळू बाजूला काढलीस, दगड एकेक करून मांडून ठेवलेस, पाद्रीबाबांना बोलावलंस. उजव्या हातात मूळ शिरलं होतं ते कापलंस. हाडं नारळतेलाने पुसलीस, झाडाच्या सालीच्या नव्या कापडात गुंडाळलीस आणि परत निजवलीस तिला. आईची आवडती गाणीही म्हटलीस म्हणतोस. वर विचारतोस, 'आता थांबलं ना?'

थांबलं. खरंच थांबलं. तू ज्या आठवड्यात कबर उघडलीस त्याच आठवड्यापासून हलकं वाटायला लागलं. एसेतासुद्धा म्हणाली, आई, तुझा चेहरा बदलला. अक्षराकडे बघू नकोस, पेन भिकार आहे आणि टेबल डुगडुगतं.

एक विचारू? आईच्या बोटात ती कासवाच्या पाठीची अंगठी होती का अजून? मीच घातली होती, पेटी बंद करायच्या आधी. तू तेव्हा दाराबाहेर उभा होतास.

तुझी ताई


ऑकलंड, २३ एप्रिल

कालोलाइने,

तुला काय म्हणावं तेच कळत नाही. तो फावडं घेऊन निघाला तेव्हा तू काय करत होतीस? तोंडात रताळं कोंबलं होतं का? एक शब्द बोलली असतीस, 'अहो, थांबा,' तर माझी आई झोपली होती तशी झोपून राहिली असती!

हो, माहीत आहे. मीच शपथ घातली होती. तू पाळलीस. तुझ्यावर ओरडून मला जरा बरं वाटतंय, म्हणून ओरडून घेते. नंतर माफ कर.

आणि आता म्हणे तो चर्चमध्ये उभा राहिला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की आईने माझ्या बहिणीला बरं केलं. बायका रडल्या म्हणतेस. वर मला निरोप पाठवतोय तो, की आता सुरीखाली जायचं नाही, गेलीस तर आईचा अपमान होईल. काय करू मी? मीच लिहिलं थांबलं म्हणून. त्याने पाच वर्षांनी माझ्यासाठी एवढं केलं, त्याला 'काही उपयोग झाला नाही' असं लिहायला पेन उचलेना माझं.

इस्पितळातून फोन आला होता, तारीख मिळाली म्हणून. मी सांगितलं, नको, आता बरं आहे. ती मुलगी फोनवर म्हणाली, "वा, छान झालं!" एसेता बाजूलाच उभी होती. तिने गाडीच्या किल्ल्या टेबलावर आपटल्या आणि तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

रविवारी काय झालं ते सांगते. एसेताची धाकटी, चार वर्षांची, मागून पळत आली आणि माझ्या उजव्या अंगाला बिलगली. मी तिला झटकलं. विचार करून नाही गं, विजेचा झटका बसल्यावर हात उडतो तसा उडाला. पोर भिंतीवर आपटली. रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. "आजी, मी काय केलं?" म्हणाली.

तेव्हापासून ती माझ्या डाव्या बाजूलासुद्धा येत नाही. लांब उभी राहते. मी माझ्या भावाचं मन राखायला निघाले आणि नातीला भिंतीवर फेकलं.

लोसालिने


ऑकलंड, ६ मे

फेलेती,

हे पत्र घरात वाचू नकोस. बाहेर झाडाखाली जा. कालोलाइनेला मागे येऊ देऊ नकोस. तुला मान खाली घालावी लागेल असं मी लिहिणार आहे, आणि ते कोणी बघायला नको.

माझं दुखणं थांबलेलं नाही. एक दिवससुद्धा थांबलं नव्हतं. मी खोटं लिहिलं.

आईच्या हाडांचा यात काही संबंध नाही. हेइलालाचं लग्न होतं तेव्हा मला कर्करोग झाला होता. स्तनाचा. उजवा काढून टाकलाय. म्हणून मी आले नाही. रजाबिजा सगळी थाप होती.

आता तू पत्र खाली टाकलं असशील. घाम पुसत असशील. पुसून झालं की उचल परत, अजून थोडंच आहे.

मी हे तुला कधीच सांगितलं नसतं. मरताना ते माझ्याबरोबर गेलं असतं आणि लोक म्हणाले असते, काय मर्यादा राखली बाईने. मर्यादा राखली म्हणूनच तर तुझी मान खाली गेली, आणि मर्यादा राखली म्हणूनच तू आईला उकरलंस. फेलेती, त्याचं मला काय वाटतं ते तुला सांगता येणार नाही. तू गुडघ्यावर बसून तिचा हात तेलाने पुसतोयस, आणि मी इथे टीव्हीसमोर बसून ठरवतेय की कालोलाइनेने फक्त 'हात' म्हणायचं, हे माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. भाजी चिरताना दिसतं, बसमध्ये दिसतं. आईची क्षमा मी मागितली. तिचं उत्तर काही येत नाही. तुझी मागते.

हेइलालाला मात्र आजच्या आज सांग. तुला सांगायला लाज वाटत असेल तर कालोलाइनेला सांगू दे. आत्याला झालं म्हणजे भाचीने तपासून घ्यायला हवं, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. पाच वर्षं मी गप्प बसले तेव्हा ही पोर माझ्या डोक्यातच आली नाही. तिच्या लग्नातली माझी रिकामी चटई आठवायची, ती आठवायची नाही. तिने तपासून घेतलं की मला नुसतं 'बरं आहे' एवढं कळवा.

आता माझं. मी पुन्हा इस्पितळात गेले, मान खाली घालून सांगितलं की बरं नाहीये, थाप मारली. डॉक्टरीणबाई रागावली नाही. म्हणाली, "पुष्कळ बायका असंच सांगतात." जूनमधली तारीख दिलीय. मी तिला विचारलं, तुझी आई असती तर काय केलं असतंस? ती म्हणाली, "आईला विचारलं असतं, दुखण्याला जास्त घाबरतेस की हात जायला."

मी काय सांगू? मला दोन्हीची भीती वाटते. या हाताने मी चटया विणते. केवड्याचं पान ओलं करून दातात धरायचं, उजव्या अंगठ्याने दाबत न्यायचं. विणते म्हणजे आता एका बैठकीत दोन बोटंसुद्धा विणून होत नाही. पण हात आहे तोवर उद्या विणीन असं म्हणता येतं. तो लुळा पडला तर तेही गेलं. आणि नाही कापलं तर आयुष्यभर कोणी जवळ आलं की अंग चोरायचं. चर्चमध्ये कडेच्या बाकावर, उजवी बाजू भिंतीकडे करून. पोरगी लांब उभी राहून बघते माझ्याकडे. ते मला सोसवत नाही.

पहिल्या वेळी मी तुला विचारलं नाही. या वेळी विचारतेय, आणि सगळं सांगून विचारतेय. हो किंवा नको, एवढंच लिही. नाहीच लिहिलंस तरी मी समजेन. भावाला असलं लिहिणारी बहीण तुला नको झाली असेल तर तेही समजेन.

तुझी ताई


ऑकलंड, १९ जून

फेलेती,

हे पत्र तुझ्यापर्यंत यायला तिकीट लागणार नाही. नर्स हातात आणून देईल. मी कॉटवर आहे आणि तू भिंतीपलीकडे आहेस, हे कालोलाइने आता येऊन सांगून गेली. सांगायची गरज नव्हती. पहाटेच मला कळलं होतं. असं खाकरणारा माणूस सबंध ऑकलंडमध्ये दुसरा नाही.

सहा आठवडे तू एक अक्षर लिहिलं नाहीस. रोज टपालपेटी उघडायची, विजेची बिलं काढायची, परत बंद करायची. मी ठरवून टाकलं होतं की भाऊ गेला माझा, माझ्याच हाताने घालवला. आणि तू नुसता येऊन बसलास. कालोलाइने म्हणते, विमानात तू कमरेला चटई बांधून बसला होतास, मोठ्या माणसापुढे जाताना बांधतात तशी. लोक बघत होते म्हणे. बघू देत.

हेइलाला बरी आहे हे कळलं. त्या तीन शब्दांवर मी काल पोटभर जेवले.

तुझी चटई मिळाली. म्हणजे माझीच, लग्नातली. मला वाटलं होतं तिचंही केकसारखं काहीतरी केलं असशील. कालोलाइने म्हणाली, इतकी वर्षं तू ती उलगडली नाहीस आणि कोणाला हात लावू दिला नाहीस. इथल्या नर्सने आधी नियम सांगितले, मग कालोलाइनेचा चेहरा बघितला आणि मग म्हणाली, पायाशी ठेवा. तर माझे पाय आता माझ्या मानाच्या चटईवर आहेत.

वहिनीसाहेबांनी आणखी एक सांगितलं. मुळं आईच्या पायाकडे होती म्हणे. हाताला काहीच लागलेलं नव्हतं. तरी चर्चमध्ये आणि मला लिहिताना तू हात म्हणालास! मी थांबलं म्हणून लिहिलं आणि तू सापडलं म्हणून लिहिलंस. आपण दोघंही आईचीच पोरं. तीही असंच करायची. भांड्यात काही उरलेलं नसलं की 'माझं झालंय जेवण' म्हणायची.

अंगठीचं उत्तर तू दिलं नाहीस, पण ते आत्ता कळलं. चटईच्या घडीत चिंधीत बांधून ठेवलीस ती. मी ती घालणार नाही, फेलेती. परत आईला दे. मी बरी झाले की आपण दोघं जाऊ, तू बाहेरच्या बाजूला उभा राहा, मी घालीन तिच्या बोटात. आपण तिला एकदा उठवलंच आहे, दुसऱ्यांदा तिची परवानगी मागून उठवू.

डॉक्टरीणबाई सकाळी आली होती. उजव्या हातावर निळ्या पेनाने खुणा केल्या आणि म्हणाली, "शेवटचं विचारते. अजून नको म्हणू शकता." मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात तू बाहेर खाकरलास. घसा साफ केलास की मला काही सांगितलंस, ते तुझं तुला माहीत. मी ते 'हो' धरलं. चुकलं असेल तर आयुष्यभर तुझ्या डोक्यावर बसेन, एका हाताने.

भीती वाटते रे. तुला नाही तर कोणाला सांगू? लुळा पडेल हात, असं सारखं वाटतं. म्हणून हे उजव्याच हाताने लिहितेय, ओळी खाली घसरल्यात तरी. हा हात धड होता तेव्हा पाच वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही. सुट्ट्या होत्या, कागद होता, टेबल होतं. आता उद्या तो राहतो की नाही याचा भरवसा नाही, तर लिहीतच सुटलेय. याचं मला फार वाईट वाटतं. कर्करोगाचं नाही वाटत तेवढं.

न्यायला आलेत. ही नर्स शेजारच्या समोआ बेटांवरची आहे, आपल्यातली नाही, पण तशी जवळचीच. तिने आत्ता विचारलं, "बाहेर तो म्हातारा पहाटेपासून बसलाय, खोकतोय सारखा. पाणी दिलं, घेत नाही. आत या म्हटलं, येत नाही. कोण आहे तो?"

मी म्हटलं, माझा भाऊ आहे. म्हणूनच येत नाही.

तिला कळलं. तिने दार पुरतं लावलं नाही, बोटभर फट ठेवली.

शुद्धीवर येईन तेव्हा मी हाताकडे बघणार नाही. आधी डोळेच उघडणार नाही. तू जागेवरून उठू नकोस, फेलेती. मला परत आणून ठेवलं की एकदा खाकर.

ताई